अन्ननलिकेला नवे अस्तर येते, पण राखण संपत नाही

छातीतील जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी, झोपेत लागणारा ठसका या तक्रारींना आपल्याकडे ‘पित्त’ असे सरसकट नाव दिले जाते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तेथेच थांबते. मात्र जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर चढत राहिले, तर काहींच्या अन्ननलिकेचे अस्तरच बदलते. या बदलाला ‘बॅरेट्स इसोफेगस’ म्हणतात. त्यात कर्करोगपूर्व खुणा आढळल्यास बदललेले अस्तर उष्णतेने जाळून टाकतात. या उपचाराचे नाव अ‍ॅब्लेशन. जाळलेल्या जागी नवे अस्तर येते, हे खरे. ते कोठून येते आणि कितपत भरवशाचे असते, हे मात्र रुग्णाने समजून घेणे आवश्यक आहे.

अस्तर का बदलते?

प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. तिला आतून चपट्या पेशींचे अनेक थर असलेले फिकट अस्तर असते. घासाचे घर्षण सोसण्याची ताकद त्यात असते, पण जठरातील आम्लाचा सततचा मारा त्याला पेलत नाही. अशा माऱ्यात खालच्या भागातील चपट्या पेशींची जागा आतड्यातील पेशींसारख्या दिसणाऱ्या उभट पेशी घेतात. दुर्बिणीतून हा भाग लालसर, मखमली दिसतो. या उभट पेशी आम्लाला अधिक दाद देत नाहीत. त्यामुळे काही रुग्णांची जळजळ उलट कमी होते आणि दुखणे बरे झाल्याचा समज होतो.

नॉर्मन बॅरेट या ब्रिटनमधील शल्यविशारदांनी १९५० मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. हा भाग छातीत ओढला गेलेला जठराचाच तुकडा असावा, असे त्यांना वाटत होते. अ‍ॅलिसन आणि जॉन्स्टन यांनी १९५३ मध्ये ती अन्ननलिकाच असल्याचे दाखवले. पुढे १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केले.

येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. भारतात अन्ननलिकेचे बहुतांश कर्करोग मुख्यतः तंबाखू आणि मद्याशी निगडित असलेल्या, चपट्या पेशींच्या प्रकारातले आहेत. बॅरेटच्या अस्तरातून होणारा कर्करोग तुलनेने कमी आढळतो. शिवाय पेशींत कर्करोगपूर्व बदल नसतील, तर बॅरेटच्या रुग्णांना कर्करोग होण्याचे प्रमाण वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. अशा रुग्णांना सहसा अ‍ॅब्लेशन करत नाहीत. कर्करोगपूर्व बदलांचे निदान दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून पडताळून घेतल्यावरच हा उपचार विचारात येतो.

जाळायचे किती खोल?

सध्या सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन ही आहे. एंडोस्कोपीच्या साहाय्याने विद्युत्पट्ट्या बसवलेला फुगा किंवा छोटी चकती अस्तराला टेकवतात आणि एक सेकंदाहून कमी काळ ऊर्जा सोडतात. भाजणी एक मिलिमीटरच्या आत थांबते, त्यामुळे खालचा स्नायूंचा थर शाबूत राहतो. अस्तरावर उंचवटा किंवा गाठ दिसत असेल, तर ती दुर्बिणीतूनच आधी कापून तपासणीला पाठवतात.

खोलीचे हे गणित महत्त्वाचे आहे. जखम वरवरची असेल तर तिच्यावर पेशींचे अस्तर पसरते. ती खोल गेली तर घट्ट व्रण तयार होतो आणि नळी आक्रसते. पूर्वीच्या प्रकाश-औषध उपचारात सुमारे एक तृतीयांश रुग्णांची नळी अशी अरुंद झाल्याचे नोंदले गेले होते. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या २००९ मधील अमेरिकी चाचणीत हे प्रमाण ६ टक्के होते. आक्रसलेली नळी बहुधा दुर्बिणीतून फुग्याने रुंदावता येते.

नवे अस्तर कोठून येते?

भाजलेला थर पहिल्या काही दिवसांत मृत होऊन सुटतो आणि खाली उथळ व्रण उरतो. या काळात छातीत दुखणे आणि गिळताना टोचणे स्वाभाविक आहे. त्यानंतर दोन बाजूंनी भरणी सुरू होते. व्रणाच्या कडेला शिल्लक असलेल्या निरोगी चपट्या पेशी विभागत आतल्या बाजूला सरकतात. अस्तराखालील ग्रंथींच्या नलिकांतूनही नव्या पेशी वर येतात आणि व्रणाच्या मध्यभागी चपट्या पेशींची बेटे उगवतात. ही बेटे आणि कडा एकमेकांना मिळाल्या की जखम झाकली जाते. याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणूनच पुढची बैठक दोन-तीन महिन्यांनी ठेवतात. संपूर्ण पट्टा निघण्यास अनेकदा तीन-चार बैठका लागतात.

आम्ल आवरले तरच

जाळलेल्या जागी चपट्या पेशीच याव्यात, यासाठी आम्ल रोखणे ही अट आहे. अमेरिकेतील संशोधकांनी १९९३ मध्ये लेझरने बॅरेटचे अस्तर काढून रुग्णांना ओमेप्राझोल दिले, तेव्हा त्या जागी चपट्या पेशींचे अस्तर परतल्याचे दिसले. आजही या वर्गातील गोळ्या हा उपचाराचा अविभाज्य भाग आहे. आम्लाचा मारा चालू राहिला तर व्रण भरण्यास विलंब होतो आणि उभट पेशींना पुन्हा वाव मिळतो.

नव्या अस्तरात जुन्या बॅरेट पेशींमधील जनुकीय बिघाड आढळत नाहीत, असे नेदरलँडमधील अभ्यासात दिसले. ही दिलाशाची बाब आहे. मात्र २०१३ मधील अमेरिकी अभ्यासानुसार नव्या अस्तराच्या पेशींमधील फटी अधिक रुंद असतात आणि आम्ल अडवण्याची त्याची क्षमता मूळ अस्तरापेक्षा कमी असते. जखम भरली म्हणून स्वतःहून गोळ्या बंद करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

यश किती, परतावा किती?

वर उल्लेखलेल्या २००९ च्या चाचणीत १२७ रुग्ण होते. वर्षभरानंतर उपचार घेतलेल्यांपैकी ७७.४ टक्के रुग्णांचे बॅरेट अस्तर पूर्ण नाहीसे झाले. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण २.३ टक्के होते. कर्करोग अनुक्रमे १.२ आणि ९.३ टक्के रुग्णांत आढळला. मात्र पुढील पाठपुराव्यात, अस्तर पूर्ण गेलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश रुग्णांत बॅरेट परतले. परतण्याचा धोका पहिल्या वर्षी सर्वाधिक होता. क्वचित जुन्या ग्रंथी नव्या अस्तराखाली दबून राहतात आणि वरून पाहता दिसत नाहीत. म्हणून अस्तर चांगले दिसत असले तरी बायप्सी घ्यावीच लागते.

गावाकडील रुग्णांसाठी

किल्लारीसारख्या गावातून लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ४०-४५ किलोमीटरवर आहे. अ‍ॅब्लेशनची सोय मात्र मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांतच आढळते. एवढ्या लांबच्या प्रवासात बरे वाटू लागल्यावर पुढची खेप टाळली जाण्याची भीती असते. तीव्र बदलांसाठी उपचार झाला असेल तर अस्तर पूर्ण गेल्यानंतर तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी तपासणी करण्याची शिफारस आहे. सौम्य बदलांसाठी पहिली तपासणी एका वर्षाने चालते. या तारखा सुरुवातीलाच लिहून घ्याव्यात आणि प्रत्येक बायप्सीचा अहवाल जपून ठेवावा.

उपचारानंतर पहिला दिवस पातळ पेज, डाळीचे पाणी असा आहार घ्यावा. त्यापुढे आठवडाभर मऊ भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी चालते. ठेचा, कडक भाकरी आणि कढत चहा टाळावा. तंबाखू कायमची सोडावी. रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत किंवा थांबवावीत. रक्ताची उलटी, काळी शौच, ताप किंवा छातीत असह्य वेदना झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काही आठवड्यांनी घास अडकू लागला, तर तो नळी आक्रसल्याचा इशारा समजून तारखेची वाट न पाहता दाखवावे.