तंबोऱ्यापासून तांब्याच्या रेघेपर्यंत



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी विजेच्या वाद्याचा विषय घ्यावा, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. त्याला कारण गतवर्षी या परिसरात घडलेला एक छोटा प्रसंग. निपाणीकडील माझा एक माजी विद्यार्थी स्वतःच्या हाताने बांधलेला सिंथेसायझर घेऊन आला होता. हे वाद्य सुट्या खंडांचे असते. एक खंड स्वर उत्पन्न करतो, दुसरा त्याचा नाद गाळतो, तिसरा त्याची उठावणी आणि विराम ठरवतो. हे खंड तारांनी हवे तसे जोडावयाचे. प्रत्येक खंडाच्या पोटात एक सर्किट बोर्ड असतो. (शुद्ध मराठीत 'मुद्रित परिपथ' म्हणता येईल, पण गणपत गल्लीत तो शब्द उच्चारला तर दुकानदार आपल्याकडे पाहतच राहील.) संगीताचे एक वयोवृद्ध शिक्षक शेजारी तंबोरा लावून बसले होते. वाद्याच्या दर्शनी पट्टीवरील दिवे लागताच ते म्हणाले, "अहो, दिवे लागले की तुमचा षड्ज खाली बसतो." विद्यार्थ्याने मीटर लावून पाहिले. गुरुजींचे म्हणणे खरे होते.

षड्ज का बसला, याचे उत्तर विद्युच्छास्त्रात आहे; परंतु तो प्रश्न आपल्या मुलखात शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. म्हणून आधी थोडा इतिहास.

बेळगावहून उत्तरेस निघालेला मनुष्य काही तासांत मिरजेस पोहोचतो. तेथील तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात वाद्यांकडे वळले आणि फरीदसाहेब सितारमेकर हे त्या परंपरेचे आद्य नाव ठरले. पंढरपूरकडचा भोपळा, लाकडाची दांडी, आणि घोडीवर घासून घासून काढलेली जवारी. तारेखाली दोरा किती सरकवावा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. त्या दोऱ्यामुळे तार बोलू लागते आणि नीट लागलेल्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो. हा गंधार षड्जाशी पाचास चार या प्रमाणात असतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उशिरा का होईना, मिळाले.

त्यानंतर पेटी आली. बेळगावने पेटीवर जीव टाकला. कागवाडला जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी आपल्या गावाला पेटीचे गाव करून सोडले. पण पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि तिचा गंधार तंबोऱ्यातील स्वयंभू गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग. गळ्याला तो गंधार खुपतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स या न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची पेटी सिद्ध झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले आणि वाद मिटण्याऐवजी वाढला. मला देवलांविषयी फार आदर वाटतो. स्वर कोणता घ्यावयाचा हे वाद्य बनविणाऱ्याने परस्पर ठरवू नये, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दारच बंद केले. ते अंशतः उघडण्यास तीन दशके लागली. बंदी हे उत्तर नव्हते, असे मला वाटते; पण तक्रार खोटी नव्हती.

येथे वीज कथेत येते. १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी विद्युद्दाबावर चालणारे सुटे खंड बांधले. त्यांतील संकेत असा की, दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो. असे एक यंत्र १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादकाने ते उभे केले आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केले. १९७२ पर्यंतच्या त्या ध्वनिफिती पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात सापडल्या व २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. मग १९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनविला. मिरज एका हाताला, बंगळुरू दुसऱ्या; मधल्या रस्त्यावर आपण.

व्होल्टच्या त्या संकेतात आपल्यासाठी मोठी सोय दडलेली आहे. दाब अखंड असतो. त्याचे बारा तुकडे करा असे कोणी सांगितलेले नाही. पेटीचा अर्धस्वर म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. आणि ज्या ऐंशीस एक्याऐंशी प्रमाणाला प्रमाणश्रुती म्हणतात, ती म्हणजे जवळजवळ १८ मिलिव्होल्ट. देवलांना जी श्रुती धातूची पत्ती घासून मिळवावी लागली, ती येथे एक बटण किंचित फिरवून मिळते. मात्र जी इतक्या सहज मिळते, ती तितक्याच सहज हरवतेही.

आता विद्यार्थ्याच्या बोर्डाकडे वळू. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यावर अर्धा मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब रेघ काढली तर तिचा रोध सुमारे एक दशांश ओहम भरतो. तीतून १८० मिलिअँपिअर प्रवाह गेला की दोन टोकांत १८ मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणजे बरोबर एक श्रुती! त्याने दिव्यांचा परतीचा प्रवाह आणि स्वराच्या दाबाचा शून्यबिंदू एकाच बारीक रेघेवरून नेले होते. दहा दिवे लागत, शून्यबिंदू तेवढा वर उचलला जाई, आणि स्वर तेवढा खाली येई. नकाशात चूक नव्हती. कागदावर ती रेघ म्हणजे केवळ जोड होता. तांब्यावर मात्र तिला लांबी-रुंदी आली. बोर्ड आखण्याची विद्या ती हीच. कोणता प्रवाह कोणाच्या शेजारून जातो आणि कोणत्या वाटेने परततो, याचा हिशेब. आमच्या तरुणपणी हौशी मंडळी तांब्याच्या पत्र्यावर रंगाने रेघा काढून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवीत. बोटे आठ-आठ दिवस पिवळी राहत. आता संगणकावर आखून बोर्ड कारखान्यातून करून आणतात. हिशेब तोच आहे.

दुसरा शत्रू उष्णता. दाबाचे स्वरात रूपांतर करणारी ट्रान्झिस्टरची जोडी तापमानाला हळवी असते. उपाय न केल्यास दर अंशाला सप्तकामागे सुमारे चार सेंट फरक पडतो. बेळगावात सकाळ आणि दुपार यांत पाच-सहा अंशांचे अंतर सहज पडते. म्हणजे पुन्हा एक श्रुती गेली. म्हणून ती जोडी एकमेकांना चिकटवून बसवितात, तिला टेकून उष्णतेनुसार बदलणारा रोधक ठेवतात, आणि तापणारा वीजनियंत्रक बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला नेतात. तंबोरा वाऱ्याच्या झोतात ठेवू नये, हे आपल्या घरात सांगावे लागत नसे.

चार महिन्यांनी तो विद्यार्थी नवा बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. दिव्यांसाठी परतीची वेगळी, रुंद वाट. स्वराच्या शून्यबिंदूला स्वतंत्र रेघ. दोन्ही एकत्र येतात त्या केवळ वीज आत शिरते त्या ठिकाणी. डाख स्वच्छ होते. आम्ही दोघे गुरुजींकडे गेलो. त्यांनी तंबोरा लावला, दिवे लावावयास सांगितले, डोळे मिटले. षड्ज जागेवर राहिला. मग ते गंधाराशी बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "हा अजून पेटीचा आहे." दर्शनी पट्टीला एक छिद्र होते व त्यामागे पेचाचा रोधक. विद्यार्थ्याने पेचकस गुरुजींच्या हाती दिला. तंबोऱ्याचा मणी सरकवावा तितक्याच हलक्या हाताने त्यांनी तो फिरविला.