राखण, ठासणी आणि पॉइंट बावीस

आपल्याकडे बंदुकीचा इतिहास लिहिला जातो तो लढायांच्या अंगाने, नाही तर शिकारीच्या अंगाने. पहिल्यात सेनापती असतात, दुसऱ्यात राजे, साहेब आणि हौशी शिकारी. या दोन्हींच्या बाहेर बंदुकीचा एक तिसरा इतिहास आहे आणि तो शेताच्या धुऱ्यावरचा आहे. पीक हातातोंडाशी आले की रात्री रानडुकरे येतात, रोही येतात. त्यांना हुसकावण्यासाठी कुणब्याच्या हाती काय असावे, काय असू शकते आणि त्याला काय परवडते, हा त्या इतिहासाचा विषय आहे. तो फारसा कोणी लिहिलेला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अमरावती जिल्ह्यातील तिवसा आणि त्याच्या आसपासचा वऱ्हाड डोळ्यांसमोर ठेवून त्याची रूपरेषा मांडू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन लेखाच्या ओघात स्पष्ट होईल, अशी आशा आहे.

तिवसा तालुका वर्धा नदीच्या अलीकडचा. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून सांगितले जाणारे कौंडण्यपूरही याच तालुक्यात, नदीच्या काठी. जमीन काळी, बहुतेक सपाट. पूर्वी ज्वारी आणि कापूस, गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीन, जोडीला तूर आणि रब्बीत हरभरा. नदीकाठची झुडपे, ओसाड नाले आणि पश्चिमेकडचे पोहरा-मालखेडचे जंगल यांच्या आधाराने रोही आणि रानडुक्कर वाढतात. पुस्तकी मराठीत ज्याला नीलगाय म्हणतात, त्याला वऱ्हाडात रोही म्हणतात. नावात 'गाय' नसणे ही गोष्ट किरकोळ नाही. उत्तरेकडे त्या एका शब्दामुळे या जनावराभोवती जी पवित्रता जमा झाली, ती इथल्या शब्दात आपोआप येत नाही.

या जनावरांपासून पीक राखण्याची जुनी साधने कोणती? जागल, म्हणजे रात्रभर शेतात राहणे. मचाण, शेकोटी, आरोळ्या, डबे वाजवणे, बुजगावणे, पाखरांसाठी गोफण. काही ठिकाणी फासेपारध्यांचे कसब. पारध्याचा फास ही बंदुकीच्या आधीची आणि बंदुकीहून स्वस्त अशी व्यवस्था होती. पण १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राजवटीत अशा भटक्या जमातींच्या माथी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. ज्याच्या अंगी कसब होते तो अशा रीतीने संशयित ठरला. ज्याचे शेत होते त्याच्या हाती बंदूक देताना सरकारने काय केले, ते आता पाहू.

वऱ्हाड १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले. मधल्या काळात, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांचा आणि दुसरा शस्त्रांचा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना पहिला ठाऊक असतो, दुसरा बहुधा नसतो. वृत्तपत्रांचा कायदा १८८२ साली रिपनने मागे घेतला. शस्त्रकायदा मात्र स्वातंत्र्य मिळून बारा वर्षे झाली तरी नव्या कायद्याने बदललेला नव्हता. त्याच्या मूळ व्यवस्थेत युरोपीयांना सूट होती आणि देशी माणसाला परवान्याची अट. म्हणूनच १८८७च्या मद्रास अधिवेशनापासून राष्ट्रसभेने त्याविरुद्ध ठराव केले. १९३१च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला गेला.

पुढे घटना समितीत हा हक्क घालावा अशी दुरुस्ती डिसेंबर १९४८ मध्ये मांडली गेली. ती मांडणारे हरि विष्णु कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडचेच प्रतिनिधी होते. दुरुस्ती फेटाळली गेली. फाळणीच्या रक्तपाताला जेमतेम वर्ष लोटले होते आणि त्या वेळी सभागृहाने जे केले ते समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे एक गोष्ट कायमची ठरली. शस्त्र हा हक्क नसून परवानगी आहे आणि ती कोणाला, कशासाठी, कोणत्या नळीची द्यायची हे सरकार ठरवील.

१९५९चा शस्त्रकायदा १९६२ साली अमलात आला. त्याचे तेरावे कलम आमच्या विषयाचे केंद्र आहे. त्यात बंदुकींची जणू वर्णव्यवस्थाच आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक. आणि पॉइंट बावीसची रायफल? २०१९च्या दुरुस्तीपर्यंत ती त्याच कलमात होती, पण शेतकऱ्यासाठी नव्हे. मान्यताप्राप्त नेमबाजी मंडळाच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी ती होती. शेताला ठासणी आणि क्रीडांगणाला पॉइंट बावीस, अशी ती विभागणी होती. इतर शस्त्रांचा परवाना 'योग्य कारण' दाखवून मागता येतो, पण ते कारण योग्य आहे की नाही हे पुन्हा अधिकारीच ठरवणार.

ही पॉइंट बावीस म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. फ्रान्समधील फ्लोबेर याने १८४५च्या सुमारास घरात निशाणबाजी करण्यासाठी एक चिमुकले काडतूस केले. त्या धर्तीवर अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १८५७ साली बावीस शॉर्ट काढले आणि १८८७ साली आजचे बावीस लाँग रायफल आले. या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी नसते. स्फोटक मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि घोड्याचा आघात काठावर होतो. काठ चेपला जावा म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पितळ पातळ म्हणून आतला दाब कमी, दाब कमी म्हणून धक्का कमी, आवाज कमी आणि किंमतही कमी. गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम. त्यामुळे अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात ससे, खारी, कावळे असल्या पिकाच्या लहानसहान शत्रूंसाठी ती घराघरांत गेली. तिकडच्या शेतकऱ्याच्या मुलाची ती पहिली बंदूक. १९६४ साली निघालेल्या रुगर टेन-ट्वेंटीटूसारख्या रायफली तिथे आजही विकल्या जातात. कोणती घ्यावी, एक बारीची की मॅगझिनची, जुनी की नवी, याची तिकडे हौसेने चर्चा होते.

आपल्याकडे ही रायफल कोणाला भेटते? बहुधा महाविद्यालयातील एन.सी.सी.च्या मुलामुलींना. छात्रसेनेच्या शिबिरात पोटावर झोपून झाडलेल्या पाच गोळ्या, एवढीच कित्येकांची बंदुकीशी ओळख असते. ज्या गावात बापाला तुरीच्या राखणीसाठी फार तर ठासणी मिळते, त्याच गावच्या मुलीला मैदानावर पॉइंट बावीस मिळते. ही विसंगती वाटेल, पण तीत काही अर्थही आहे आणि तो प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे.

पहिली बाब जनावराची. परदेशात ज्याला पिकाचा उपद्रवी जीव म्हणतात तो सशाएवढा. तिवस्याच्या शेतात येणारा रोह्याचा नर दोनशे किलोच्या पलीकडे जातो आणि रानडुकराची कातडी व खांद्याची ठेवण भल्याभल्या गोळ्यांना दाद देत नाही. अडीच ग्रॅमच्या गोळीने असे जनावर मरत नाही. ते जखमी होते, पळते आणि दिवसेंदिवस कुजत मरते, किंवा दुसऱ्या दिवशी निंदणीला आलेल्या बाईवर उलटते. ऑर्वेलच्या हत्तीवरच्या निबंधात निवेदकाजवळ असलेली विंचेस्टर हत्तीसाठी फार लहान असते आणि त्याला मोठी रायफल मागवावी लागते. तरीही त्या हत्तीचे मरण लांबतच जाते. त्या निबंधाची चर्चा आपण साम्राज्यवादाच्या अंगाने करतो, आणि ते बरोबरच आहे. पण नळीचा व्यास आणि वेदनेची लांबी यांचा संबंधही त्यात आहे.

दुसरी बाब जमिनीची. पॉइंट बावीस लहान दिसते म्हणून निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिची गोळी एक किलोमीटरहून अधिक जाऊ शकते. सपाट काळ्या रानात, जिथे शेजारच्या वावरात दुसरा कोणी जागलीला पडलेला असतो, तिथे अंधारात चुकलेली गोळी कुठे थांबेल हे सांगता येत नाही. ठासणीचे छर्रे फार लांब जात नाहीत आणि तिचा मोठा बार हेच तिचे खरे काम असते. बहुतेक रात्री जनावर मारायचे नसते, हाकलायचे असते. या दृष्टीने पाहिले तर कायद्याने शेतकऱ्याला जुनी बंदूक दिली ती अगदीच मूर्खपणाने दिली असे म्हणता येत नाही. मात्र ती केवळ या विचाराने दिली असेही आम्हांस वाटत नाही. दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे भरायचे, टोपी बसवायची आणि तेव्हा कुठे एक बार. पावसात दारू ओली झाली की तोही नाही. कुणब्याच्या हाती इतकेच असावे, याहून अधिक नको, हा १८७८चा संशय १९५९च्या कलमात उरला आहे, असे आमचे अनुमान आहे.

तिसरी बाब परवडण्याची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तीला परदेशी बंदूक आयात करणे जवळजवळ बंद झाले. उरल्या त्या देशी बनावटीच्या आणि जुन्या, हातोहात फिरलेल्या बंदुका. पण बंदुकीची किंमत हा खर्चाचा एक भागच. परवान्याचे अर्ज, पोलीस पडताळणी, तालुका ते जिल्हा हेलपाटे, नूतनीकरण, काडतुसांची मर्यादा, हे सगळे त्यात धरावे लागते. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेच्या २००४, २००९, २०१४ आणि २०१९च्या निवडणुका ऑक्टोबरमध्ये झाल्या, २०२४ची नोव्हेंबरमध्ये. हेच दिवस सोयाबीन काढणीचे, कापूस फुटण्याचे आणि तूर फुलावर येण्याचे. म्हणजे राखणीची गरज जेव्हा सर्वांत मोठी, नेमकी तेव्हा बंदूक ठाण्यात. हा कोणाचा कट नव्हे. दोन पंचांग आहेत, एक निवडणुकीचे आणि एक शेतीचे, आणि आदेश काढताना दुसरे पंचांग कोणी उघडत नाही.

बंदूक हाती असली तरी ती कोणावर चालवता येते, हा प्रश्न राहतोच. १९१२च्या वन्यपशुपक्षी कायद्यात मालमत्तेच्या रक्षणासाठी सद्भावनेने मारलेल्या जनावराला कायद्यातून वगळले होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा दृष्टिकोन पालटला. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मारणे क्षम्य, पण उभ्या पिकासाठी मारायचे तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. महाराष्ट्र शासनाने रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत ही परवानगी सुलभ करण्याचा निर्णय २०१५ साली घेतला. त्याच सुमारास केंद्राने बिहारमध्ये नीलगायी आणि रानडुकरे उपद्रवी म्हणून जाहीर केली आणि जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात सुमारे अडीचशे नीलगायी बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी मारल्या. त्यावर देशभर वाद झाला. २०२२च्या दुरुस्तीने, जी एप्रिल २०२३ पासून लागू झाली, उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूचीच रद्द केली. रोही आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

साहित्याकडे वळू. मराठीत शिकारकथा आहे, अरण्यवाचन आहे आणि व्यंकटेश माडगूळकर, मारुती चितमपल्ली यांनी रानाला दिलेली भाषा आपली मोठी ठेव आहे. पण ती रानात जाणाऱ्या माणसाची भाषा आहे. रान ज्याच्या शेतात येते त्याची रात्र तिच्यात क्वचितच दिसते. तिच्यासाठी आम्हांला हिंदीकडे जावे लागते. प्रेमचंदांच्या 'पूस की रात'मधला हलकू कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये देण्यापायी देऊन बसतो, थंडीत जागलीला जातो आणि शेकोटीच्या उबेत पडून राहतो. नीलगायी शेत फस्त करतात. त्याच्यासोबत फक्त कुत्रा आहे. बंदुकीचा विचारही कथेत येत नाही, कारण ज्याला कांबळे परवडत नाही त्याच्या कल्पनेतही बंदूक येत नाही. ही कथा १९३० सालची. तिवस्याच्या एखाद्या गावात ती आज शिकवली तर वर्गातील मुलांना टिपांची गरज पडणार नाही.

आज हलकूच्या जागी जो आहे तो वेगळेच काही करतो. बंदूक मिळत नाही, परवानगी वेळेवर येत नाही, म्हणून कोणी कुंपणाच्या तारेत चोरून विजेचा प्रवाह सोडतो. त्या तारेला डुकरे मरतात, वाघही मरतात, शेजारचा शेतकरी मरतो, कधी तार लावणारा स्वतः मरतो. विदर्भातील वृत्तपत्रांत अशा बातम्या सातत्याने येतात. बंदुकीला नेम लागतो, ती धरणारा माणूस जागा असावा लागतो, समोर कोण आहे हे त्याला पाहावे लागते. तारेला यातले काहीच लागत नाही. शस्त्राला घाबरणाऱ्या व्यवस्थेने शेतकऱ्याला शस्त्राहून आंधळ्या साधनाकडे ढकलले, असे आम्हांस दिसते.

यावर प्रत्येक धुऱ्यावर पॉइंट बावीस द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. ती या जनावरांसाठी अपुरी आणि या सपाटीसाठी धोकादायक आहे, हे वर आलेच. कमी दाबाच्या सौर कुंपणासाठी अनुदान, जनावर मारणे अटळ असेल तिथे शिकवलेला आणि जबाबदार नेमबाज, वेळेवर मिळणारी परवानगी आणि वेळेवर मिळणारी भरपाई हे मार्ग अधिक शहाणपणाचे आहेत. आमचा आग्रह मर्यादित आहे. कोणत्या माणसाच्या हाती कोणती नळी द्यायची, हा प्रश्न दीडशे वर्षे सत्तेच्या भीतीने सोडवला गेला. तो पिकाच्या, जनावराच्या आणि जागल करणाऱ्या माणसाच्या बाजूने पुन्हा विचारला गेला पाहिजे. आणि ती जागल मराठीत कोणी लिहिली आहे का, किंवा कोणी लिहील का, हे विचारण्याचे काम साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपणां सर्वांचे आहे.