धुळ्याचे रविवार, श्यामच्या रात्री

१९३० साली साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील नोकरी सोडली आणि ते सविनय कायदेभंगात उतरले. आई १९१७ सालीच गेली होती. अखेरच्या क्षणी ते तिच्याजवळ नव्हते. पुढे संसारही त्यांनी मांडला नाही. घर, वाङ्मय आणि देश यांतून त्यांनी देश निवडला, असे आपण सहसा म्हणतो. धुळ्याचा तुरुंग मात्र हे विधान पुन्हा तपासायला लावतो.

तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा दर रविवारी गीतेवर मराठीतून बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. पुढच्याच फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचना पाहावी: प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत, श्याम सांगतो, मित्र ऐकतात. धुळ्याच्या श्रोतृसभेशी असलेले तिचे हे साम्य लक्षणीय आहे.

या कृतीला निव्वळ भाबडी मातृभक्ती ठरवणारी समीक्षा तिच्या गद्यातील हा बोलता स्वर ऐकतच नाही. देशासाठी सोडलेले घर गुरुजींना कोठडीत परत मिळाले, ते भाषेच्या रूपाने.