रुळांपासून आठ कोस

नांदगाव खंडेश्वरला रेल्वे नाही. कधीच नव्हती. एका अंगाला चांदूर, दुसऱ्या अंगाला बडनेरा, ही जवळची स्टेशनं. बंडीनं जायचं तर आख्खी रात्र मोडायची. तरीही आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींतून रेल्वे वजा केली, तर मागं फार थोडं उरतं. खंडेश्वराचं यादवकाळातलं हेमाडपंती देऊळ उरेल, काही भांडणं आणि काही लग्नं उरतील. बाकी सगळ्या गोष्टी फिरून फिरून टेशनावरच येतात. कापूस तिकडे गेला, बातमी तिकडून आली, दुष्काळात धान्य तिथं उतरलं, आणि गावातलं जे पोरगं रुसून पळालं ते तिथूनच गाडीत बसलं.

आमचे आबा या गोष्टी सांगायचे तेव्हा त्यांत साल नसायचं. ‘बाप्पाच्या वक्ताले’ एवढाच हिशेब. सालं मी पुढं पुस्तकांतून लावत गेलो. आबांच्या गोष्टी आणि छापील इतिहास जागोजागी जुळले, आणि जिथं जुळले नाहीत तिथंही आबांचं म्हणणं सोडून द्यावं असं वाटलं नाही.

छापील इतिहास असा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. त्याच्या पुढच्याच महिन्यात, फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. या दोन गोष्टी एका वर्षात घडाव्यात हा योगायोग खरा, पण वऱ्हाडची काळी माती आणि मुंबईचं बंदर यांच्यात लोखंडाचा रस्ता पडणार हे तेव्हाच ठरल्यासारखं होतं. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, आणि तिथून नावेनं कलकत्त्याला. 1842 मध्ये एका व्यापाऱ्यानं एका वेळी एक लाख बैल कापूस रवाना केला, असं गॅझेटियरमध्ये सांगितलेलं आहे. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजायचा, धुळीनं मळायचा, आणि बैल मेले तर माल तिथंच पडायचा. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीची लाईन भुसावळहून अकोला, बडनेरा, चांदूर, धामणगाव करत 1867 मध्ये नागपूरला पोचली आणि बैलांच्या तांड्यांचा तो लांबचा धंदा बसला.

आबांच्या गोष्टीत याच काळातली ‘चांदीची धाव’ येते. कोण्या एका कास्तकाराला कापसाचा एवढा पैसा झाला, की त्यानं बंडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव चढवली. लहानपणी आम्हाला ही थाप वाटायची. पुढं कळलं की असल्या कहाण्या त्या काळच्या इंग्रजांनीही लिहून ठेवल्या आहेत. कारण साधं होतं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली होती, तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि हिंदुस्थानच्या कापसाला न भूतो असा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. म्हणजे आमच्या भागात आगीनगाडीची शिटी घुमू लागली तोवर चांदी उतरली होती. कपाशी मात्र शेतातून उतरली नाही. रूळ पडले ते कापसासाठी. आता रुळांसाठी कापूस पिकवायचा, असं ते चक्र उलटं फिरलं.

हे फक्त वऱ्हाडातच झालं असंही नाही. आमच्यासारखीच काळी माती युक्रेनमध्ये आहे. तिथं गहू पिकतो. 1865 मध्ये काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरापासून आत बाल्ट्यापर्यंत रेल्वे टाकली गेली, ती गव्हासाठी. मग झ्मेरिंकासारखी जंक्शनं वाढली, आणि तिथल्या म्हाताऱ्यांच्याही गोष्टी इंजिनं, गोदामं, युद्ध आणि उपासमार यांच्याभोवती फिरत असणार. जिथं माती चांगली, तिथं रूळ बंदराकडे तोंड करून पडतात.

अमरावतीची गोष्ट या बाबतीत मोठी मजेची. एवढी कापसाची पेठ, पण मुख्य लाईन शहराकडे न वळता बडनेऱ्यावरून सरळ निघून गेली. ‘असं काहून?’ म्हणून विचारलं, की आबांचे सोबती तीन कारणं सांगत. एक म्हणे शेटजींना धुराचा विटाळ वाटला. दुसरा म्हणे अंबादेवीचा कौल मिळाला नाही. तिसरा, जो तलाठ्याच्या हाताखाली राहिलेला होता, तो म्हणे, ‘साहेबानं नकाशावर पट्टी ठेवली, अन् पट्टी बडनेऱ्यावरून गेली.’ मला तिसरं पटतं. पुढं काही वर्षांत बडनेऱ्याहून अमरावतीला छोटा फाटा काढावा लागला. मेन लाईनवर राहिल्यानं बडनेरा जंक्शन झालं. डिसेंबर 1897 मध्ये अमरावतीला राष्ट्रीय सभेचं अधिवेशन भरलं. शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. मद्रासेपासून पंजाबापर्यंतची माणसं वऱ्हाडात एका ठिकाणी जमू शकली ती या रुळांमुळंच. कापूस न्यायला घातलेल्या रस्त्यानं राजकारणही आलं, हे कंपनीच्या हिशेबात नसावं.

नांदगावचा खरा संबंध चांदूरशी. नांदगाव तेव्हा चांदूर तालुक्यातच होतं; त्यामुळं कोर्टकचेरी तिकडे, कापसाचं जिन तिकडे, गाडीही तिकडेच. चांदूर बाजारशी घोटाळा होऊ नये म्हणून चांदूरच्या नावालाच ‘रेल्वे’ जोडलेली आहे, धामणगावलाही तशीच.

चांदूरची फेरी आबांनी इतक्यांदा सांगितली होती, की ती आमच्या पायाखालची वाट झाली होती. दिवाळीनंतर पहिली वेचणी घरात आली, की बंडीच्या दोन्ही बाजूंना तुराट्यांच्या उंच ताट्या बांधायच्या. मग पोरांना वर चढवून कापूस तुडवायला लावायचं. नाकातोंडात तंतू जायचे, अंगाला खाज सुटायची, पण पोरं खुशीनं नाचायची. आसाला वंगण, खाली कंदील टांगलेला, शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. दिवेलागणीनंतर पाच-सात बंड्या एका मागं एक निघायच्या. पुढच्या गाडीवानानं जागं राहायचं, मागच्यांचे बैल त्याच्या कंदिलाच्या मागं आपसूक चालायचे. पहाटे सिग्नलचा लाल दिवा दिसला की झोपलेले उठून बसत. जिनाच्या फाटकाशी आधीच बंड्यांची रांग लागलेली असे, आणि त्या रांगेत कधी एक दिवस, कधी दोन दिवस.

खरी मेख पुढं होती. भाव उघड बोलला जात नसे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत. ज्याचा कापूस तो बाजूला उभा राहून रुमालाकडे पाहत असे. मग काटा, मग कडता, मग अडत, हमाली, धर्मादाय. हातात पैसा येईस्तोवर त्याला इतक्या जागी कात्री लागायची की आबा म्हणत, ‘टेशन पाह्यलं का बैल थांबत, पन भाव काई थांबत नसे.’ तारेनं विलायतेचा भाव व्यापाऱ्याला आधी कळायचा. 1870 मध्ये समुद्रातून तार पडली, त्यानंतर लिव्हरपूलची चढउतार वऱ्हाडच्या पेठांत पोचायला दिवस लागत नव्हते. कास्तकाराला ती काट्यावर उभं राहिल्यावर कळायची.

या लुटीची दखल सरकारलाही घ्यावी लागली. आमच्या शेजारच्या कारंज्याचा कापूस बाजार 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं नियंत्रणाखाली आला; देशातला असा तो पहिला बाजार. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आज महाराष्ट्रभर ज्या बाजार समित्या दिसतात, त्यांचं मूळ या काळ्या मातीत आहे. रुमाल मात्र कायद्यानंतरही बरीच वर्षं पसरत राहिला, असं आबांचं म्हणणं.

कायदा झाला त्याच्या आगेमागेच दुष्काळ आले. 1896-97 चा एक आणि 1899-1900 चा दुसरा, त्याहून भयंकर. छप्पन्न संवताचा तो काळ आबांच्या वडलांनी पोरवयात पाहिला होता. चांदूरच्या स्टेशनावर बाहेरून आलेल्या धान्याच्या गोण्या उतरत होत्या, आणि रस्त्यानं माणसं रिकाम्या हातानं फिरत होती. ‘धान टेशनावर होतं, पैसा गावात नव्हता,’ हे त्यांचं वाक्य आबांनी आम्हाला दिलं. या एका वाक्यात जेवढं अर्थशास्त्र आहे तेवढं मला पुढं जाड पुस्तकांतही सापडलं नाही. ज्वारीच्या रानात कपाशी शिरली होती, कपाशी करपली होती, मजुरी बुडाली होती. रेल्वे धान्य आणू शकत होती. ते विकत घ्यायची ऐपत तिला आणता येत नव्हती.

आजीचं माहेर कारंज्याकडचं. तिच्या गोष्टीत मोठी लाईन नव्हती, छोटी होती: मुर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी अडीच फुटी गाडी. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बांधवली, आतल्या मुलखातला कापूस मुर्तिजापूरच्या मोठ्या लाईनवर आणून टाकण्यासाठी. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. देश स्वतंत्र झाला, 1951 मध्ये मध्य रेल्वे उभी राहिली, तरी या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारी रेल्वे चालवी. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिनं 1994 पर्यंत वापरलं.

गाडीच्या वेगाबद्दल आजीला आदर नव्हता. ‘अरे बाबू, तिच्यापेक्षा मी बोरं येचत पुढं जाईन,’ असं ती म्हणे, आणि लोक खरोखर उतरून बोरं वेचून पुन्हा चढत असं शपथेवर सांगे. गार्डच कुठं तिकीट फाडी, कुठं फाटक लावी. पण बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या बाईला, हाटाला निघालेल्या मजुराला परवडेल असं दुसरं वाहन त्या पट्ट्यात नव्हतं. आजी शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला गेली तीही याच गाडीनं मुर्तिजापूर गाठून, तिथं मोठ्या गाडीत बदलून. कापसासाठी घातलेली ती लाईन शेवटी माणसांच्या उपयोगी पडली, आणि नेमकी तेव्हाच ती कोणालाच परवडेनाशी झाली. आधी यवतमाळची बाजू थांबली, मग अचलपूरची. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या. रुळांमध्ये बाभळी वाढल्या.

तोवर कापसाची वाटही बदलली होती. 1972 मध्ये राज्यात एकाधिकार खरेदी आली, कापूस सरकारी केंद्रांवर जाऊ लागला. पुढं ट्रकनं रेल्वेला मागं टाकलं. कोरोनाच्या टाळेबंदीत लहान स्टेशनांचे जे थांबे गेले ते परत मिळवायला लोकांना आंदोलनं करावी लागली. ज्या गाड्यांसाठी ही गावं वसली, वाढली, त्याच गाड्या आता फलाट हलवून पुढं जातात.

आणि आता समृद्धी महामार्ग आमच्या नांदगाव तालुक्यातूनच गेला आहे. डिसेंबर 2022 पासून नागपूर ते शिर्डी वाहनं सुसाट चालली, आणि 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या अंगाला जाऊन भिडला. रेल्वे आठ कोस लांब होती, हा रस्ता आमच्या शेतांतून गेला. त्यावर बैलबंडीला सोडाच, मोटरसायकललाही परवानगी नाही.

मी रस्त्याच्या विरोधात नाही, जसे आबाही रेल्वेच्या विरोधात नव्हते. पण त्यांच्या गोष्टींतून मला एक गोष्ट कळली आहे: मोठा रस्ता कोणाचा माल न्यायला टाकला, भाव कोणाला आधी कळला आणि काटा कोणाच्या हातात राहिला, यावरून गावाचं बरंवाईट ठरतं. रेल्वे आली तेव्हा आमच्या पूर्वजांना हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे. तालुक्यातून नवीन काही जात असेल, तर ग्रामसभेत उभं राहून एवढं जरूर विचारावं. आणि घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, तर त्याच्या फेऱ्या, त्याचं स्टेशन, त्याच्या काट्यावरचा भाव या हंगामातच लिहून घ्यावा. पुढचा हंगाम त्याच्या हातात असेलच असं नाही.