गोव्याच्या चर्चमधील गायक-वादक : घडण आणि गळती

गोव्यातील ख्रिस्ती उपासनासंगीताचा इतिहास बहुधा रचनांचा आणि वाद्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु हे संगीत गाणारी-वाजवणारी माणसे कोठून मिळत, त्यांना कोण शिकवी, आणि बहुतेकांच्या पदरी पैसा पडत नसताना ती का टिकत किंवा का निघून जात, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी या तीन तालुक्यांत, म्हणजे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिळवलेल्या आणि पुढे ‘जुन्या काबिजादी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रदेशात, धर्मग्रामागणिक (पॅरिशगणिक) चर्च उभे राहिले आणि प्रत्येक चर्चला आपला गायनवृंद लागू लागला. एवढी माणसे बाहेरून आणणे शक्य नव्हते, त्यामुळे ती गावातच घडवावी लागली.

या घडणीचा खर्च ज्या उत्पन्नातून भागला, त्याचा उगम चर्चपूर्व काळातील आहे. गावातील जमीन मूळ रहिवासी कुळांनी, म्हणजे गावकरांनी, सामाईकपणे राखण्याची गावकरी नावाची संस्था (पोर्तुगीज अमदानीत तिला कोमुनिदाद म्हणू लागले) पोर्तुगीजांच्या आधीपासून चालत आलेली होती, आणि तिच्यात देवळाची पूजाअर्चा व देवळाचे सेवेकरी यांच्यासाठी जमिनी तोडून दिलेल्या असत. तिसवाडीतील देवळे पाडली गेल्यावर १५४१ मध्ये या देवस्थानी जमिनींचे उत्पन्न नव्या प्रार्थनामंदिरांकडे आणि सांता फे या धर्मशिक्षणसंस्थेकडे वळवण्यात आले. गावकरांनी त्यास दिलेली संमती कागदावर आहे, पण ती कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे लक्षात घेता तिला स्वेच्छा म्हणणे धाडसाचे ठरेल. देव बदलला, विधी बदलले, मात्र देवाच्या दारी वाजवणाऱ्याचा भार गावाने सोसायचा, ही समजूत नव्या व्यवस्थेतही राहिली.

शिक्षणाची पद्धत मिशनऱ्यांनी घातली. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर रस्त्याने घंटा वाजवत मुलांना गोळा करी आणि धर्मतत्त्वे चालीवर म्हणवून घेई. पुढे साष्टीत जेज्युइट आणि बारदेसात फ्रान्सिस्कन या धर्मसंघांनी आपापल्या चर्चच्या आश्रयाने ज्या धर्मग्रामशाळा चालवल्या, त्यांत लिहिणे-वाचणे, धर्मशिक्षण आणि संगीत हे विषय एकत्र नांदत. संगीताची सुरुवात वाद्याने होत नसे. आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून स्वरांची नावे ताला-सुरात म्हणण्याचा अभ्यास, पक्का करून घेतला जाई, आणि त्यानंतरच मुलाच्या हाती व्हायोलिन येई. शिकवणारा मेस्त्री हाच चर्चमधील गायनवृंदाचा प्रमुख असे, बहुधा ऑर्गनही तोच वाजवी आणि प्रसंगी नव्या रचनाही करी. या योजनेत चर्चसाठी गायक शोधण्याचे वेगळे काम उरतच नव्हते, कारण शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा आवाज मेस्त्रीच्या कानी पडे आणि ज्याचा सूर सच्चा त्याची निवड आपोआप होई. वरच्या पट्टीचे गायन मुलांकडे असल्यामुळे आवाज फुटला की जागा रिकामी होई. तो मुलगा खालच्या स्वरात किंवा वाद्यांत जाई आणि त्याच्या जागी शाळेतला पुढचा मुलगा उभा राही. उपासनावृंद चालवणाऱ्यांना आज जी गळती संकट वाटते, ती येथे हिशेबात धरलेली होती.

या व्यवस्थेची मुळे गावात किती खोल गेली होती, हे धर्मसंघांच्या पतनानंतर दिसले. १७५९ मध्ये जेज्युइटांना हाकलण्यात आले आणि १८३५ मध्ये उरलेले संघही बरखास्त झाले, तरी मेस्त्री टिकला. तो संघाच्या नव्हे तर गावकरीच्या आणि चर्चच्या स्थानिक निधीच्या आधारावर उभा होता. पगार मात्र एकट्या मेस्त्रीला, आणि तोही बेताचा. इतरांना बांधून ठेवणारी बंधने निराळी होती. लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, ख्रिस्ताच्या यातनांवरील लॅटिन मोतेत अनेक स्वरांत गायिले जात आणि त्यांचा सराव आठवडेच्या आठवडे चाले. त्या वृंदात स्थान असणे ही गावातील प्रतिष्ठा होती. घरोघरी आणि वाटेवरच्या क्रुसापुढे होणारी लादीन, म्हणजे मारियेच्या नावांची लॅटिन स्तुतिमालिका, व्हायोलिनच्या साथीने दोन स्वरांत म्हटली जाई, आणि ती संपल्यावर उकडलेले चणे व फेणी यांचा पाहुणचार ठरलेला असे. देवळातल्या भजनानंतरच्या प्रसादाशी परिचित असलेल्या वाचकास या चण्यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. अर्थात हा जिव्हाळा समतेचा नव्हता: चर्चमधील उत्सवांचा मान सांभाळणाऱ्या कोंफ्रारिया, म्हणजे धर्मबंधूंच्या मंडळ्या, अनेक गावांत जातीच्या चौकटीत बंदिस्त होत्या.

गळतीला खरा वेग एकोणिसाव्या शतकात आला. लिपी वाचून वाजवू शकणारा मनुष्य ब्रिटिश हिंदुस्थानात दुर्मीळ होता, आणि गोव्यातील चर्चने तर असे मनुष्य गावोगाव तयार करून ठेवले होते. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मुंबईतील हॉटेले, मूकपटांसमोर वाजवणारे ताफे आणि १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेले कोकणी तियात्र या सर्वांनी त्यांना ओढून घेतले. मेस्त्री जितका चांगला, तितके त्याचे शिष्य गावाबाहेर जाण्यास समर्थ, ही या शाळांची अंगभूत विसंगती होती. साष्टीतील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे तिचे ठळक उदाहरण: चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख असलेल्या वडिलांकडे शिकलेला हा वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात संयोजक झाला, त्याने प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले आणि १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सिंफनी वाद्यवृंदाकडून सादर करवल्या. चित्रपटसृष्टीला लाभलेला हा वारसा सर्वज्ञात आहे. त्याची किंमत ज्या गावांनी मोजली, त्यांची नोंद क्वचितच होते.

गेलेल्यांनी गावाशी नाते तोडले नाही, हे मात्र खरे. मुंबईतील धोबीतलाव आणि माझगाव परिसरात एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या कूड नावाच्या वसतिगृहांत वेदी असे, सायंकाळच्या रोझरीला रहिवाशांनी हजर राहावे असा दंडक असे, आणि गावच्या संताचा सण तेथेही साजरा होई.

याच काळात रोमहून आलेल्या नियमांनी गावच्या वृंदांची अडचण वाढवली. पोप पायस दहावे यांच्या १९०३ च्या आदेशाने नाटकी ढंगाच्या संगीतावर व पियानोसारख्या वाद्यांवर बंदी आली, आणि गायनवृंद हे धर्मसेवेचे पद मानून त्यातून स्त्रियांना वगळण्यात आले. ज्या समाजातून तरुण पुरुष सर्वाधिक संख्येने परगावी जात होते, तेथे राहिलेल्या निम्म्या गावाला वृंदाचे दार बंद ठेवणे व्यवहारदृष्ट्या अनाकलनीय होते. १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी ही अट सैल केली.

१९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर जुन्या व्यवस्थेचे आधार एकामागून एक निखळले. सरकारी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, तशी धर्मग्रामशाळा ओस पडली आणि मुलाला लहानपणी सक्तीने मिळणारा सोल्फेज अभ्यासक्रमातून गेला. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्यापुढील दुरुस्त्यांनी गावकरीचे जमिनीवरील उत्पन्न आटले. संगीतशिक्षण पणजीत १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी स्थापलेल्या आणि पुढे कला अकादमीत सामावलेल्या संस्थेकडे गेले. ते दर्जेदार होते, पण फी भरून शहरात शिकलेला विद्यार्थी गावच्या चर्चचा ऋणी नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयानंतर लॅटिनची जागा कोकणीने घेतली, वास्को द रेगो या जेज्युइट धर्मगुरूंनी कोकणी गायनांच्या संग्रहाला आकार दिला, आणि गिटार व कीबोर्ड चर्चमध्ये आले. लिपी न वाचणारा उत्साही मनुष्यही आता वृंदात सामील होऊ शकला, ही या बदलाची मोठी जमेची बाजू होती. गळती मात्र थांबली नाही: वृंदातील तरुण आता मुंबईऐवजी आखाताकडे, आणि पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडकडे जाऊ लागले. पूर्वी अशा रिकाम्या जागेसाठी शाळेत पुढचा मुलगा तयार असे, आता तो सरावाला यावा म्हणून विगाराला, म्हणजे धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला, वेदीवरून आवाहन करावे लागते.