'ध'चा 'मा' : समोर नसलेल्या कागदाची चौकशी

भाषेत रुजलेला वाक्प्रचार हा पुष्कळदा एखाद्या खटल्याचा निकालच असतो. पुरावा कोणता होता, साक्षी कोणी दिल्या, हे विसरले जाते आणि निकाल तेवढा जिभेवर राहतो. 'ध चा मा करणे' हा असाच एक निकाल. किरकोळ फेरफार करून मूळ अर्थ उलटवणे, असा त्याचा अर्थ आपण वर्गात सांगतो, आणि आनंदीबाईंचे नाव त्यामागोमाग आपोआप येते. मराठीच्या अध्यापनात इतकी वर्षे काढल्यानंतर आम्हांला असे वाटू लागले आहे, की या वाक्प्रचाराचा अर्थ सांगण्याआधी त्याची उलटतपासणी व्हायला हवी.

घटना सर्वज्ञात आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे थोरले माधवराव वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी गारदी वाड्यात घुसले. थकलेल्या पगाराची ओरड हे निमित्त होते. अठरा वर्षांचे नारायणराव धावत जाऊन काकांना बिलगले आणि तिथेच मारले गेले. चापाजी टिळेकर हा सेवक त्यांना वाचवताना ठार झाला. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसुफ आणि रघुनाथरावांचा खिजमतगार तुळाजी पवार ही नावे आरोपींत येतात. मारेकरी कोण, हा प्रश्न त्यामुळे या प्रकरणात फारसा उरत नाही. हुकूम कोणाचा आणि नेमका कसला, हे मात्र आजही निर्विवादपणे सांगता येत नाही.

प्रचलित उत्तर असे : रघुनाथरावांनी 'धरावे' असे लिहिले आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले. या कथेचा ठळक लेखी आधार म्हणजे ग्रँट डफचा १८२६ साली प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावांनी आपण केवळ धरण्याचा हुकूम दिल्याचे सांगितले, मूळ कागद मिळवून पाहता शब्द बदललेला आढळला, असे तो लिहितो. पुढे मात्र तो जे म्हणतो ते महत्त्वाचे आहे. फेरफार आनंदीबाईंनी केला ही सार्वत्रिक समजूत आहे, एवढेच तो सांगतो. म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी छापलेल्या ग्रंथातही आनंदीबाईंवरचा आरोप पुराव्याच्या नव्हे, तर लोकप्रवादाच्या आधारावर उभा आहे.

संहिताचिकित्सेचा विद्यार्थी अशा वेळी आधी हस्तलिखित मागेल. ते अभ्यासकांसमोर नाही. अक्षर कोणाचे, शाई एक की दोन, खाडाखोड कुठे, यांपैकी एकही प्रश्न कागदाला विचारता येत नाही. पेशवाईतला व्यवहार मोडीत चाले, शब्दांमध्ये जागा न सोडता ओळ सलग लिहिली जाई. अशा सलग ओळीत 'ध'चा 'मा' करायचा तर अक्षर बदलून भागत नाही, कानाही बसवावा लागतो. हे अशक्य आहे असा आमचा दावा नाही. पण ते वाक्प्रचारात वाटते तितके सहजही नाही.

दुसरा प्रश्न हितसंबंधांचा. फेरफाराची कथा कोणाला सोयीची आहे? रघुनाथरावांना. पुतण्याला कैद करू पाहणारा महत्त्वाकांक्षी काका आणि पुतण्याचा खून करवणारा काका यांत एका अक्षराचे अंतर आहे, आणि ते अक्षर पत्नीच्या नावावर टाकले की काकांचा भार हलका होतो. आरोपीच्याच कैफियतीतून पुढे आलेली ही बाजू आपण अडीचशे वर्षे म्हणीसारखी वापरत आलो आहोत.

तिसरी गोष्ट ग्रँट डफच्याच वृत्तांतात दडलेली आहे. नारायणराव बिलगले तेव्हा रघुनाथरावांनी रदबदली केली. त्यावर सुमेरसिंगाने जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की एवढ्यावर येऊन आता याला जिवंत सोडले तर आपलाच नाश ठरलेला आहे. हातात 'मारावे' असा स्पष्ट हुकूम असता तर असे कारण देण्याची गरज काय होती? वाड्यावर चालून गेलेल्या गारद्यांना पेशवा जिवंत राहणे परवडणारे नव्हते. हे मान्य केले तर 'धरावे' हा हुकूम कोणीही न बदलताही खून घडू शकतो. आनंदीबाई निर्दोष होत्या असे यातून सिद्ध होत नाही. कटाची त्यांना कल्पना असणे संभवनीय आहे. परंतु संभव आणि सिद्धी यांत भेद न करणारी चौकशी ही चौकशी नव्हे.

साहित्याने मात्र निकाल पक्का केला. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ला (१९०९) करारी रामशास्त्र्यांसमोर तितकीच प्रबळ खलनायिका हवी होती. लेडी मॅक्बेथची छाया त्या आनंदीबाईंवर अनेक समीक्षकांना दिसली आहे. १९४४ साली 'प्रभात'च्या 'रामशास्त्री' चित्रपटाने हा प्रसंग घरोघरी पोहोचवला. नाटककाराला हे स्वातंत्र्य आहेच. पण रंगभूमीवरची व्यक्तिरेखा दप्तरातल्या व्यक्तीची जागा घेते, तेव्हा तिला पुन्हा दप्तराकडे नेणे हे अध्यापकाचे काम ठरते.

आम्ही ज्या नवी मुंबईत शिकवतो, तिथून या खुनाचे परिणाम दूर नाहीत. बारभाईंनी रघुनाथरावांना पदच्युत केले, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि एकाकी पडलेले रघुनाथराव इंग्रजांकडे वळले. या अंतःकलहाची संधी साधून इंग्रजांनी १७७४च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला. ६ मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी व वसई देऊ केली. १७८२च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वाशीच्या पुलावरून खाडीपलीकडे दिसणारी भूमी मराठ्यांच्या हातून गेली, ती अशी. एवढ्या मोठ्या पडझडीला एक अक्षर आणि एक स्त्री कारणीभूत ठरवणे सोपे असते. त्यामुळे दरबारातील दुफळी, थकलेले पगार, वारसाचा वाद आणि बंदोबस्तातली ढिलाई यांचा विचार करावा लागत नाही.

वाक्प्रचार भाषेतून काढून टाकावा असे कोणी म्हणणार नाही, आणि तो निघणारही नाही. तो शिकवताना एवढे जोडावे : ज्या कागदावरून हा शब्दप्रयोग आला, तो आपल्यापुढे नाही, आणि ज्या स्त्रीला त्याने दोषी ठरवले, तिची बाजू या वाक्प्रचारात कधी आलीच नाही.