पहिली आज्ञा कोणाची?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत नेमके काय घडते? विद्यार्थी हा प्रश्न क्वचितच विचारतात, पण तो चांगलाच अवघड आहे. विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली चकतीवर असते. ती स्मृतीत आणायला एखादी आज्ञावली हवी. मग त्या आज्ञावलीला कोण आणणार? आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलावे, तसा हा प्रकार. त्यावरूनच 'बूट' हा शब्द रूढ झाला.

१९७५ च्या आल्टेअर ८८०० या संगणकावर हे काम माणूसच करी. दर्शनी भागावरचे खटके वरखाली करून सुरुवातीच्या आज्ञा एकेक भरायच्या! १९८१ च्या आयबीएम पीसीत ते काम चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या बायॉसकडे आले. बायॉसची समज बेताचीच. चकतीवरचा पहिला ५१२ बाइटांचा कप्पा उचलायचा आणि त्याच्या हाती कारभार सोपवायचा, एवढेच. हार्ड डिस्कवर त्यांपैकी ६४ बाइट विभागांच्या नोंदीला आणि २ खुणेला जात. उरले ४४६. (यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात; म्हणजे १४८ चिन्हांत जागा संपली. वर्गात करून पाहण्याजोगा हिशेब आहे.)

या कप्प्यात जो शिरेल तो संगणकाचा धनी. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' विषाणू फ्लॉपीच्या याच पहिल्या कप्प्यात जाऊन बसे. दोन कार्यप्रणालींचे भांडणही इथलेच. लिनक्सनंतर विंडोज बसवले की ते हा कप्पा आपल्या नावावर करून टाकी आणि लिनक्सची वाट बुजे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी नवी पद्धत आखली, ती ईएफआय. २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंचाने तीच यूईएफआय नावाने पुढे नेली. तिला फाइली वाचता येतात. चकतीवर एक छोटा विभाग राखून ठेवतात आणि त्यात प्रत्येक कार्यप्रणाली स्वतःच्या फोल्डरमध्ये आपली आरंभ-आज्ञावली ठेवते. कोणी कोणाला पुसून टाकण्याचे कारणच उरले नाही.

मात्र निवड करून देणारा कोणीतरी हवा. अॅपलने २००६ मध्ये मॅकसाठी ईएफआय स्वीकारल्यावर क्रिस्टोफ फिस्टरर यांनी 'रीफिट' लिहिले. ते मागे पडू लागल्यावर रॉडरिक स्मिथ यांनी २०१२ मध्ये त्यातूनच 'रीफाइंड' घडवले. दर वेळी ते चकत्या धुंडाळते आणि सापडलेल्या कार्यप्रणाली चित्रांच्या रांगेत मांडते. ते मोफत मिळते. पेनड्राइव्हसाठी तयार प्रतिमा आहे. आधी तिच्यावरून चालवून पाहावे, आणि पटले तरच त्या राखीव विभागात बसवावे. विंडोजच्या फोल्डरला हात लावू नये.

खरी अडचण 'सिक्युअर बूट'ची. ब्रेनच्या वंशजांना अडवण्यासाठी सही असलेलीच आज्ञावली चालू द्यायची, ही कल्पना रास्तच. पण २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ती घरोघरी पोचली, तेव्हा बहुतेक संगणकांत मान्य सही होती मायक्रोसॉफ्टची. पैसे आपले, यंत्र आपले, आणि दाराची किल्ली दुसऱ्याकडे! त्याच वर्षी मॅथ्यू गॅरेट यांनी 'शिम' ही छोटी आज्ञावली पुढे आणली. तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते. पण मालकाने नोंदवलेली किल्लीही ती मानते. रीफाइंड याच वाटेने आत येते. ही नोंदणी संगणक सुरू होतानाच करावी लागते, आणि त्या वेळी कळफलकासमोर माणूस बसलेला असावा लागतो.